वेशीबाहेर ठेवलेलं दुखणं

शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून आक्काबाई सुटली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याच्या, आप्पाच्या हातात एक कागद दिला. एका इंजेक्शनने तिचा श्वास कोंडला होता. मरतामरता वाचली होती. त्या इंजेक्शनचं नाव कागदावर लाल शाईने लिहिलं होतं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी हा दाखवा, असं त्यांनी बजावलं. आप्पाने मान डोलावली. मेंढरांमागे जन्म गेलेला माणूस, डॉक्टरपुढे मान डोलवायची एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

बिडकीनजवळच्या त्यांच्या गावाच्या वेशीवर भावजय कस्तुराबाई दहीभात घेऊन उभी होती. त्यांच्यात रीतच तशी. जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या माणसावरून भात ओवाळायचा, वेशीबाहेर ठेवायचा आणि दुखण्याचं काही घरात न्यायचं नाही. आप्पाने दवाखान्यातली चादर ठेवली, औषधाच्या बाटल्या ठेवल्या.

"ह्या कागदावर काय लिव्हलंय?" कस्तुराबाईने विचारलं.

"दुखणंच लिव्हलंय."

"मंग ऱ्हाऊ द्या हितंच."

कागद तिथंच राहिला. मुलगा मुंजाबा वाळूजला कंपनीत होता. तिकडे रोज नवी शेड उभी राहत होती, ओव्हरटाइम सुटत नव्हता. आई बरी होऊन घरी आली, एवढंच त्याला कळलं.

थंडीत आक्काबाईच्या पायात काटा मोडला, पाय पिकला, ताप चढला. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद होतं, एसटी जात नव्हती. नाहीतर आप्पाने तिला त्याच मोठ्या दवाखान्यात नेलं असतं. त्याने बैलगाडीतून बिडकीन गाठलं.

तिथला डॉक्टर भला माणूस होता, उगाच त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याने विचारलं, "याआधी कधी आजारी होत्या? कुठलं इंजेक्शन बाधलं होतं का?"

"नाय. खडखडीत हाय ती," आप्पा म्हणाला.

आक्काबाईनेही मान हलवली. वेशीबाहेर ठेवलेल्या दुखण्याचं नाव काढायचं नसतं. काढलं की ते वाट काढत परत येतं. म्हातारा खोटं बोलत नव्हता, बायकोला जपत होता.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं. तेच निघालं. तिचे ओठ काळेनिळे पडले, तशी त्याने स्वतःच्या जीपमध्ये घालून तिला शहरातल्या त्याच मोठ्या दवाखान्यात नेलं.

मुंजाबा वॉर्डात पोचला तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. डॉक्टरांनी तिचा जुना केसपेपर काढून त्याला दाखवला. "आमच्याकडं लिहिलेलं होतं. लाल शाईने लिहून कागदही दिला होता तुमच्या वडिलांकडे. बिडकीनच्या डॉक्टरांनी विचारलं, तरी त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. हे टळलं असतं."

कुणाच्या म्हशीने कुणाचा कडबा खाल्ला, हे संध्याकाळच्या आत बिडकीनला कळतं. एका दवाखान्यातलं दुसऱ्या दवाखान्याला कळत नाही. याचा राग यायला हवा होता. मुंजाबाला तो आला नाही. कंपनीतल्या प्रेस मशीनच्या आवाजाने कान बधिर होतात, तसा तो आतून झाला होता. आईच्या पायाला अजून गावची माती होती, ती तो नखाने काढत बसला.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिला माती देऊन आल्यावर घरात फक्त बापलेक उरले. आप्पा भिंतीला टेकून बसला होता.

"मुंजा, माझ्याच हातानं झालं रं."

मुंजाबाने वर पाहिलं. डॉक्टरांचं बोलणं त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"वेशीवर भात ठिवला ना, मंग मागं वळून बघायचं नसतंय," आप्पा म्हणाला. "मी बघितलं. कुत्रं भात खातंय का, तेवढंच बघितलं. त्यातनंच परत आलं ते."

मुंजाबाच्या तोंडाशी सगळं आलं. कागद, लाल शाई, बिडकीनला न सांगितलेलं दुखणं. म्हाताऱ्याला अजून वर्षं काढायची होती, ती याच घरात, एकट्याने. मागं वळून बघितल्याचा दोष माणसाला पेलवतो.

"व्हय आप्पा," तो म्हणाला. "बघायला नको होतं."