जळकी केबल

त्र्यंबकराव वकिलांची लाल गाडी गॅरेजातून बाहेर पडली तेव्हा सयाजी चौगल्याला हायसं वाटलं. त्या गाडीनं त्याला आणि त्याचा भागीदार पिराजीला पार पिडलं होतं. दोन माणसांची, कापडी टपाची विलायती स्पोर्ट्स गाडी. संस्थानी काळात कुणा जहागीरदाराच्या मुलानं हौसेनं आणवलेली, आणि पुढं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडून राहिलेली. वकिलांनी ती तिथनं उचलून आणली आणि उद्यमनगरात सयाजीच्या दारात उभी केली.

गॅरेजात कामाची वाटणी ठरलेली होती. इंजिन, गिअर, ब्रेक सयाजीचे. बॅटरी, वायरी, दिवे पिराजीचे. गाडीची दुखणीही जणू तशीच वाटून आलेली. कधी स्टार्टर नुसता कण्हायचा, दिवे मंद व्हायचे. पिराजीनं नवी बॅटरी घातली, स्टार्टर उघडून साफ केला. दुसरं दुखणं जास्त वाईट होतं. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी कधी कधी इंजिनाचा वेग उतरायचाच नाही. सयाजीनं जुनी केबल काढून फेकली आणि नवी बसवली. त्यानंतर गाडी शहाण्यासारखी वागू लागली. रंकाळ्याला दोन चकरा मारून आणल्या, कुठं कुरकुर नाही.

श्रावणातला शनिवार होता. वकील आणि त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणात निघाले होते. मीनाक्षीबाईंच्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. गाडीत बसण्याआधी बाईंनी सयाजीला बाजूला घेऊन विचारलं होतं, की आता हिला काही होणार नाही ना. त्यांना या गाडीची पहिल्यापासून धास्ती होती. सयाजी म्हणाला होता, बिनघोर जावा वहिनी.

ते गेल्यावर पिराजी पत्र्याचं दार बांधायला तार शोधत होता. भंगारात ती जुनी केबल सापडली. आतली तार ओढून घ्यावी म्हणून त्यानं जोर लावला, तर तार हलेना. त्यानं वरचं आवरण छिन्नीनं फोडलं आणि तो तसाच सयाजीकडं आला.

"ही गंजल्याली न्हाय," तो म्हणाला. "जळल्याली हाय."

सयाजीनं तुकडा हातात घेतला. आतली तार निळीकाळी पडली होती आणि दोन-तीन जागी आवरणाला वितळून चिकटली होती. अॅक्सिलरेटरच्या केबलीत वीज कशाला येईल? ती तर पाय आणि इंजिन यांना जोडणारी साधी तार.

पिराजीलाच ते आधी कळलं, आणि सांगताना त्याचा आवाज उतरला. इंजिन रबरांवर बसलेलं असतं. स्टार्टर मारला की बॅटरीतला करंट इंजिनात येतो आणि परत जायला त्याला इंजिनापासून बॉडीपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी असते. ती पट्टी खाली, तेलामातीत, कुठंतरी तुटलेली असणार. मग करंटनं दुसरी वाट धरली, या बारीक केबलीतून. दर वेळी स्टार्टर मारला की केबल तापून आतल्या आत चिकटायची. दिवे मंद का होत होते, स्टार्टर का कण्हत होता, तेही याच्यातच आलं. दुखणं एकच होतं, आणि दोघांनी ते आपापल्या बाजूनं अर्धं अर्धं बघितलं होतं.

"नवी केबल बी जळनार," सयाजी म्हणाला.

"व्हय. ते जितक्यांदा गाडी बंद करून चालू करतील, तितकी."

शेजारच्या फाउंड्रीत फोन होता. सयाजीनं गगनबावड्याच्या सरकारी विश्रामगृहाला ट्रंक कॉल लावायला सांगितलं. ऑपरेटर म्हणाली, पावसानं लाइन पडली आहे. सयाजी फोन ठेवून बाहेर आला. पिराजीनं तोवर फटफटी बाहेर काढली होती आणि जाड वायरीचा एक तुकडा पिशवीत टाकला होता.

बालिंग्याचा पूल ओलांडेपर्यंत सयाजी मनाला समजावत होता. वकील सावकाश चालवतात. नवी केबल आहे, टिकेल. पण कळे गावात हॉटेलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, गाडी इथं थांबली होती, साहेबांनी भजी खाल्ली, लोक बघायला जमले म्हणून त्यांनी इंजिन चालू-बंद करून दाखवलं. सयाजीला ते ऐकवेना. त्यानं पुढचं न ऐकताच फटफटी पुढं काढली. आता त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता, कुठं कुठं थांबले असतील. असळजला पेट्रोल घ्यायला? टप चढवायला? फोटो काढायला? प्रत्येक थांबा म्हणजे तारेतून गेलेली आणखी एक आच. आणि पुढं घाट. सपाटीवर गाडी पळाली तर शेतात घालता येते. करूळच्या उतारावर एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

गगनबावड्यात शिरले तेव्हा दिवसाढवळ्या धुक्यानं सगळं पुसून टाकलं होतं. स्टँडवर लाल गाडी नव्हती. टपरीवाली चिमणाबाई म्हणाली, ती मघाशीच गेली.

"चालू हुईना झालती," ती म्हणाली. "लई येळ घरघर केली. मग चालू झाली ती येकदम मोठ्यांदा."

पिराजीनं सयाजीच्या खांद्यावरचा हात घट्ट केला.

घाटात सयाजीनं फटफटी पहिल्या गिअरात टाकली. रस्ता दोन हातांपुढं दिसत नव्हता. तो डोंगराकडं बघतच नव्हता. दरीच्या कडेचे पांढरे दगड एकेक करून बघत होता, एखादा पडलेला आहे का. एका वळणावर कठड्याचा तुकडा तुटलेला दिसला. तो गाडी टाकून धावला. पण खाली वाकून बघायचा धीर होईना. शेवटी पिराजीनं वाकून तुटल्या जागी हात फिरवला. दगडावर शेवाळ चढलं होतं. जुनी मोड होती.

"आपल्यामुळं दोन जीव गेलं तर?" सयाजी म्हणाला.

आणखी दोन वळणं उतरल्यावर जळक्या ब्रेकचा वास आला. मग धुक्यातून लाल रंग दिसला. गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात तिरकी घुसली होती, एक चाक वर. मीनाक्षीबाई रस्त्याच्या कडेला भिजत उभ्या होत्या. कपाळावर खरचटलं होतं. वकील आतच बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू गाडी अजून चाललीच आहे.

काय झालं ते बाईंनीच सांगितलं. पहिल्याच मोठ्या उतारावर पाय काढूनही वेग उतरला नाही. उलट वाढला. यांनी ब्रेक दाबला, तर इंजिन ब्रेकशी झुंजायला लागलं. धूर निघाला. मग ब्रेकचं पेडल नुसतंच खाली जायला लागलं. यांना काही सुचेना. समोर वळण होतं आणि वळणापलीकडं पांढरं धुकं. बाईंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंग आपल्या बाजूला, डोंगराकडं, ओढलं.

"गाडी थांबल्यावर मला वाटलं आपण पडतोच आहोत," त्या म्हणाल्या. "अजून तसंच वाटतंय."

सयाजीनं वकिलांची बोटं एकेक करून स्टिअरिंगवरून सोडवली. खाली उतरल्यावर वकील त्याच्याकडं वळले.

"तू हिला म्हणाला होतास, बिनघोर जा."

"म्हनलो हुतो," सयाजी म्हणाला. "जळकी केबल माझ्या हातात हुती. म्या ती फेकून दिली. उघडून बघितली न्हाय."

कडेला जाऊन वकिलांनी उलटी केली.

पिराजी गाडीखाली शिरला. पट्टी होती, पण नट गळून एका टोकानं लोंबत होती, तेलाच्या चिखलात दिसणारही नाही अशी. त्यानं आणलेली वायर इंजिनाला आणि बॉडीला आवळून बसवली. सयाजीनं चिकटलेली केबल सोडून टाकली आणि तिच्या जागी इंजिनाला एक सुतळी बांधून तिचं टोक गाडीत आत घेतलं. वेग हातानंच द्यायचा. वर येणाऱ्या एका ट्रकनं गाडी चराबाहेर ओढली. ब्रेक निवून पुन्हा धरायला लागले होते. तरी गाडी परत वर गगनबावड्यालाच न्यायची ठरली, खाली उतरायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

वकील पिराजीच्या मागं फटफटीवर बसले. सयाजी गाडीत बसला, तर मीनाक्षीबाई दुसऱ्या बाजूनं दार उघडून आत आल्या. तो नको म्हणाला. ट्रकमधून या, म्हणाला.

"सुतळी धरून वळणं कशी घेणार तुम्ही? मी धरते. तुम्ही सांगा तेव्हा ओढते, सांगा तेव्हा सोडते." मग त्यांनी विचारलं, "खरं सांगा, भीती वाटते तुम्हाला?"

"वाटती की. लई."

"मलाही. चला."

त्यांनी सुतळी मुठीला गुंडाळली. सयाजीनं स्टार्टर मारला, आणि इंजिन सुरू झालं. वेग वाढला नाही. संथ लयीत इंजिन चालत राहिलं. ओढा म्हटलं की बाई ओढत, सोडा म्हटलं की सोडत.

गगनबावड्याला पोचल्यावर बाईंनी मूठ उघडली तेव्हा सुतळीचे लाल वळ तळहातावर उठले होते. वकील आले. आता कोकणात कसं जायचं, असं त्यांनी बायकोला हळूच विचारलं. एस.टी.नं, त्या म्हणाल्या. मग स्टँडवरच्या बाकावर दोघं लागून बसली. बाईंनी वकिलांचा चहा बशीत ओतून दिला.

सयाजी गाडी घेऊन आणि पिराजी फटफटीवरून परतले. पाऊस थांबला होता, रस्ता सरळ होता, नवी जोड पक्की होती. दोघांनाही चहाची तलफ होती. असळज गेलं, कळे गेलं. हॉटेलवाल्यानं ओळखून हात केला.

"थांबायचं का रं?" पिराजी फटफटी शेजारी घेऊन ओरडला.

सयाजीनं मान हलवली. इंजिन बंद करायची त्याची छाती होईना. सुतळीचं टोक दातांत धरून तो थेट उद्यमनगरापर्यंत आला.