ट्रॉलीच्या रंगाची होडी

मी एक जुनी होडी आहे, पण 'जुनी' म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका, मित्रांनो. उजनीच्या पाण्यावर पाहुण्यांनी माझ्याइतकी नावाजलेली दुसरी होडी नाही. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण शेजारच्या होड्या काही सांगणार नाहीत. त्या पडल्या पत्र्याच्या, मी लाकडाची. माझ्या फासळ्या बाभळीच्या, फळ्या आंब्याच्या, आणि फटीफटीत सुतळी ठोकून वरून गरम डांबर ओतलेलं. ज्या सुताराने मला घडवलं, त्याने शेवटची फळी बसल्यावर माझ्या पोटावर थाप मारून म्हटलं होतं, "जा, आता तुला मरान न्हाय." तेव्हापासून माझं नाक जरा वरच असतं.

आमच्या इंदापूर तालुक्यात समुद्र नाही. पण दिवाळीच्या सुमारास धरण तुडुंब भरलेलं असतं, तेव्हा पहिल्यांदा आलेला माणूस काठावर उभा राहून हमखास विचारतो, "पलीकडचा किनारा कुठं आहे?" त्याच दिवसांत आमच्याकडं पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. एक पाहुणे पंखांचे, दुसरे गाड्यांचे. पंखांचे थेट हिमालय ओलांडून येतात आणि उतरल्या उतरल्या चरायला लागतात. गाड्यांचे पुण्या-बारामतीहून येतात आणि आल्या आल्या चहा कुठं मिळेल ते विचारतात.

माझा मालक गेणबा. त्याने मला मासे धरायला बनवून घेतलं. कितीतरी वर्षं माझ्या पोटात चिलापी आणि कटला तडफडायचे. मला त्या वासाचं काही वाटत नसे. मग एकदा कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक माणूस आला आणि म्हणाला, "काका, त्या पक्ष्यांजवळ नेता का?" गेणबाने नेलं. तो माणूस खूश होऊन गेला, पुढच्या रविवारी चार जणांना घेऊन आला, आणि बघता बघता सगळा घाटच पाहुणे न्यायला लागला.

गेणबाची रीत मात्र वेगळी होती. तो म्हणायचा, "पाखराकडं कवाबी नीट समोरून जायाचं न्हाय. समोरून शिकारी जातो. आपुन आपल्या कामाला चाललोय असं तिरकं जायाचं, अन् मान दुसरीकडं ठेवायची." वल्हं तो असं मारायचा की पाण्यालाही कळू नये. त्यामुळं बाकीच्या होड्या जवळ आल्या की पाखरं उडायची, आणि माझ्या अंगावरून सावली गेली तरी चरत राहायची. पाहुणे घाटावर आले की म्हणायचे, "ती लाकडी होडी आहे का?" मित्रांनो, अशा वेळी माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लाकडावर मांस कसं चढतं, ते विचारू नका.

पण माणसाचं अंग काही बाभळीचं नसतं. गेणबाचा उजवा खांदा दुखायला लागला, आणि एक दिवस हात वरच होईना. डॉक्टरांनी सांगितलं, वल्हं बंद. त्या दिवशी मला ओढून करंजाच्या झाडाखाली पालथी घातली. सबंध उन्हाळा आणि पावसाळा मी तशीच पडून होते. पोरं माझ्या पाठीवरून घसरगुंडी खेळली. एका कोंबडीने माझ्याखाली अंडी घातली आणि मी जणू तिचीच आहे अशा ऐटीत ती फिरायला लागली. डांबर तडकलं, फळ्या उकलल्या, आणि कुणी विचारेना.

विचारलं ते हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने. त्याला मी बागेत ठेवायला हवी होते. माझ्यात माती भरायची, सदाफुली लावायची आणि गिऱ्हाइकांनी टेकून फोटो काढायचे. माझ्या पोटात माती! होडीला यापेक्षा बुडणं परवडलं. गेणबा खाली मान घालून म्हणाला, "न्या. हितं पडून तरी काय करनार?"

"आबा, होडी इकायची न्हाय," घरातून आवाज आला. "मी चालवती."

ती होती कौसल्या, गेणबाची सून. लग्न होऊन आली तेव्हा पाण्याला बिचकायची. पण गेणबाबरोबर जाळं टाकायला यायला लागली आणि पाण्याचीच झाली. रानात, उसात ती इतरांसारखीच राबायची; पाण्यावर आली की तिची पाठ ताठ व्हायची. ती खुशीत आहे हे मला तिच्या बसण्यावरून कळायचं. गेणबाची सगळी रीत तिने नुसती बघून उचलली होती. आता तिला मासे नको होते. तिला घाटावर नंबर हवा होता.

नंबर म्हणजे काय, ते सांगते. आमच्या घाटावर होड्या आळीपाळीने सुटतात, आणि कुणाची पाळी कधी ते आप्पासाहेब ठरवतात. सगळ्यांत जुने होडीवाले तेच. ज्याला त्यांनी नंबर दिला तोच पाहुणे नेणार, आणि आजवर तो कुठल्याच बाईला मिळालेला नव्हता.

"सूनबाई, मासं धरनं येगळं अन् पाव्हनं न्येनं येगळं," आप्पासाहेब म्हणाले. "पाव्हन्यानं दिवसभर पेट्रोल जाळून यायाचं अन् पाखरं उडून जायाची, मंग नाव सगळ्या घाटाचं जातंय."

"न्हाय उडायची," कौसल्या म्हणाली.

"बरं. दिवाळीनंतरच्या रविवारी मी सवता बसतो तुझ्या होडीत. पाखरं बसली तर नंबर. उडाली तर मंग पुन्हा इचारू नगंस."

कौसल्याने मान डोलावली. घरी आल्यावर गेणबाने एवढंच ठरवलं की रविवारपर्यंत हॉटेलवाल्याला थांबवायचं. मग खांद्याला मालीश करून घ्यायला तो लेकीकडं अंथुर्ण्याला गेला, आणि इथंच सगळा घोटाळा झाला. तो घरी असता तर पुढचं घडलंच नसतं.

कौसल्याचा नवरा संभाजी उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. बायकोच्या पाठीशी तो मनापासून होता, पण तसं तोंडाने म्हणायची त्याला सवय नव्हती. म्हणून त्याने रंग आणला. साखर कारखान्यांचं गाळप सुरू होण्याआधी आमच्याकडं ट्रॉल्या नवरीसारख्या नटवतात. निमगाव केतकीचा विकी पेंटर ट्रॉली रंगवायला दारात आलाच होता. संभाजी त्याला म्हणाला, "उरलेल्या रंगात आमच्या बाईसाहेबांची होडी बी काढ. रविवारी मोठी परीक्षा हाय."

मग काय विचारता! आधी फटी बुजल्या, नवं डांबर बसलं, आणि त्यावर लालभडक ऑईलपेंट. कडेला पिवळी वेलबुट्टी. पुढं दोन कमळं. रात्री रस्त्यावर मागच्याला ट्रॉली दिसावी म्हणून चमकणारं रेडियम लावतात ना, त्याच्या पट्ट्या माझ्या दोन्ही अंगांनी. आणि हाताला सवय म्हणून विकीने माझ्या मागच्या फळीवर सुबक अक्षरांत लिहून टाकलं, 'सुरक्षित अंतर ठेवा'. पाडव्याला कौसल्याने मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मी पाण्यात स्वतःला पाहिलं आणि खरं सांगते, माझी मीच माझ्यावर भाळले. पत्र्याच्या होड्या त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत.

रविवार उजाडला. बारामतीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर प्रियदर्शनी आल्या होत्या. त्या दर हंगामाला यायच्या आणि गेणबाला नावाने ओळखायच्या. त्या पुढं बसल्या, आप्पासाहेब मागं. कौसल्याने वल्हं पाण्यात घातलं. तिच्या तळहाताचा घाम मला कळत होता.

तिचं काही चुकलं नाही, मित्रांनो. तिरकी गेली. मान वळवून बसली. वल्हं असं मारलं की थेंबाचा आवाज नाही. गाळाच्या उंचवट्यावर पट्टकादंब चरत होते, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या मिरवणारे हिमालयापलीकडचे राजहंस. त्यांच्या कडेला चक्रवाकांची नारिंगी जोडी. आम्ही अजून चांगले लांब होतो, तोच चक्रवाकाने मान वर केली आणि बोंब ठोकली. पुढच्या क्षणी अख्खा थवा हवेत!

प्रियदर्शनीबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला होता, तो हळूच खाली घेतला. आप्पासाहेबांनी माझ्या मागच्या फळीकडं बोट केलं. "पाखरं शिकलेली दिसत्यात. वाचून गेली बघ."

कौसल्या हसली नाही. तिने दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं लांब वाकड्या चोचीचे कुदळे होते, तेही उडाले. मला वाटलं, संपलं. आता ही रानात आणि मी सदाफुलीत. ती कशीबशी म्हणाली, "चला, घाटावर सोडती," आणि मला वळवायला लागली.

वळताना ऊन माझ्या रेडियमवर पडलं. एक झगझगीत कवडसा गाळावरून सरकत गेला. पलीकडं लांब पायांचे शेकाटे उभे होते. कवडसा त्यांच्या अंगावरून गेला आणि ते दचकून उडाले. कौसल्या थांबली. तिने मला मुद्दाम उलटं वळवलं. कवडसा परत फिरला, आणि पाण्यावरची बदकं फडफडली.

"अगं बया!" ती मोठ्याने म्हणाली आणि माझ्या कडेवर फाडकन चापट मारली. "आप्पासाहेब, पाखरं मला न्हाय भ्याली. ह्या भवानीला भ्याली!"

भवानी म्हणजे मी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरच्याच माणसाने मला नाव ठेवलं, आणि तेही पाहुण्यांसमोर.

ती तिथंच गुडघाभर गाळात उतरली. दोन्ही ओंजळी भरून काळा चिकट चिखल उचलला आणि थापला माझ्या कमळांवर. मग वेलबुट्टीवर. मग रेडियमवर. माझ्या जिवाची काय तडफड झाली असेल विचार करा. दिवाळीचा माझा साज, आणि त्यावर शेण सारवावं तसा चिखल! प्रियदर्शनीबाईंनी कॅमेरा पिशवीत ठेवला, सलवार वर खोचली आणि त्याही उतरल्या.

"मॅडम, तुमी नगा," कौसल्या कळवळली.

"असू दे गं. मी दवाखान्यात याहून वाईट गोष्टींत हात घालते," बाई म्हणाल्या आणि माझी दुसरी बाजू माखायला लागल्या.

आप्पासाहेब वर बसून मिशीवर बोट फिरवत होते. परीक्षा घ्यायला आलेला माणूस, मदत कशी करणार? पण थोड्या वेळाने त्यांना राहवेना. "अगं, मागली फळी तशीच राह्यली की! तितं आधी लाव. अजून, अजून. ती पिवळी रेघ दिसतीया."

चिखल लावून झाल्यावर आम्ही गप्प बसून राहिलो. पट्टकादंब एक चक्कर मारून परत उंचवट्यावर उतरले. कौसल्याने वल्हं घेतलं. पुन्हा तिरकी. पुन्हा मान दुसरीकडं, जणू पलीकडं तिचं जाळं टाकलेलं आहे. चक्रवाकाने मान वर केली. त्याने माझ्याकडं पाहिलं. मग पायाने गाल खाजवला आणि मान पिसांत खुपसली.

आम्ही गेलो, अजून गेलो. एक राजहंस तर माझ्या नाकासमोर गवत उपटून खायला लागला. गवत तुटल्याचा कुरकुर आवाज ऐकू येत होता. प्रियदर्शनीबाईंनी एक फोटो काढला आणि मग कॅमेरा मांडीवर ठेवून नुसत्या बघत बसल्या. आप्पासाहेब कौसल्याच्या कानाजवळ पुटपुटले, "उद्यापास्नं नंबर लाव." कौसल्याचे डोळे भरले होते, पण वल्हं हललं नाही.

मित्रांनो, मी रंगात होते तेव्हा लोक मला बघायला थांबायचे. त्या सकाळी चिखलात बरबटलेली असताना कुणी माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, पाखरांनीही नाही. आणि तेवढा अभिमान मला कमळांचाही वाटला नव्हता. पुढच्या आठवड्यात संभाजीने स्वतः पत्र्याने माझा रंग खरवडला आणि साधं डांबर फासलं. खरवडताना बायकोला म्हणाला, "ट्रॉलीला बी चिखल लावू का आता?" तिने हातातला डांबराचा ब्रश त्याच्यावर उगारला.

तेव्हा तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही आमच्या काठावर याल तेव्हा मातकट कपडे घालून या. हळू बोला. उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा म्हणून होडीवाल्याला पाखरं उठवायला लावू नका. ती फार लांबून येऊन जेवायला बसलेली असतात. आणि एखादी होडी पालथी पडलेली दिसली तर तिच्या मालकाला विचारा, घरात आणखी कुणाला वल्हं मारता येतं का. उन्हाळ्यात एकदा डांबर दिलं की आम्ही कुणाचंही ऐकतो, सुनेचंसुद्धा.

अंथुर्ण्याहून परतल्यावर गेणबा माझ्यात बसला, जन्मात पहिल्यांदा पाहुण्याच्या फळीवर. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते गुडघ्यांवर ठेवले. कौसल्याने त्याला पट्टकादंबांजवळ नेलं. वल्हं आत घेतलं. गेणबा तिच्याकडं वळून म्हणाला, "पोरी, एवढ्या जवळ मी बी कवा गेलो न्हवतो."

गेला होता, मित्रांनो. एका थंडीत इतक्या जवळ गेला होता की एका राजहंसाने माझ्या फळीवरचं शेवाळ चोचीने ओढलं होतं. तेव्हा आमच्या दोघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. मी काही ते कौसल्याला सांगणार नाही.