रिकामी फेरी

“काय काय पाजलंय हिला?” बीडच्या गॅरेजात रामेश्वर मिस्त्रीने पिकअपच्या डिझेल टाकीचं झाकण उघडून नाकाशी धरलं आणि विचारलं.

डॉक्टरसमोर अंगाऱ्या-धुपाऱ्याची गोष्ट लपवताना पेशंटच्या नातेवाइकाचं होतं, तसं जालिंदरचं तोंड झालं होतं. शेवटी त्याच्या बायकोने, वनितानेच सांगून टाकलं की सीटच्या मागं बघा, दुकानच हाय तिथं. रामेश्वरने सीट पुढे ओढली तर खरोखरच दुकान निघालं. एक निळी बाटली, तिच्यावर धावता घोडा. एक हिरवी, तिच्यावर घोडाबिडा काही नाही, नुसता बारीक मजकूर, आणि तोही जालिंदरला न वाचता येणाऱ्या भाषेत. शिवाय मोटारसायकलीत घालतात त्या तेलाचा अर्धा डबा. टाकी भरली की एक झाकण निळं, मधूनच कधी हिरवं, आणि गाडी फारच रुसली तर वरून तेल, असा डोस जालिंदरने स्वतःच्या अकलेने ठरवला होता.

सिरसाळ्याच्या या माणसाने उभा जन्म माल वाहण्यात घालवला. जुनी पिकअप त्याच्या हाताखाली म्हातारी झाली. तिच्या नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की आज फिल्टर मागतेय, आज हवा धरलीय. तिला रॉकेल चाललं, तेल चाललं, एकदा तर कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधलं गाळ बसलेलं डिझेलही तिने बिनतक्रार पचवलं. ती विकून नवी घेतली आणि जालिंदरची झोप उडाली. ही पांढरीशुभ्र, गारेगार बसायला, पण काय होतंय ते सांगायचीच नाही. नुसता एक पिवळा दिवा लावायची. दिवा लागला की जालिंदरचा डावा गुडघा हलायला लागायचा, तो दिवा जाईपर्यंत हलतच राहायचा.

सिरसाळ्याच्या चौकात नव्या पिकअपवाल्यांची एक मंडळीच जमायला लागली होती. आधी हे लोक भाड्यावरून भांडायचे, आता सायलेन्सरवरून भांडत. परमेश्वर म्हणायचा, निळ्या बाटलीशिवाय माझी गाडी घाट चढतच नाही. अभिमन्यूचं म्हणणं, बाटल्या म्हणजे निव्वळ लुटायचे धंदे, सरळ सायलेन्सर कापून आतली जाळी काढून फेका. ज्याने त्याचं ऐकून जाळी फेकली होती त्याची गाडी आता दोन दिवे लावत होती, म्हणून तो गप्प बसून चहा प्यायचा. जालिंदर सगळ्यांचं ऐकायचा आणि सगळ्यांचं थोडं थोडं करायचा. त्याचं हेच चुकत होतं.

रामेश्वरने यंत्र जोडून बघितलं आणि सरळ भाषेत समजावलं. सायलेन्सरमध्ये एक जाळी आहे, ती काजळी अडवते. काजळी साठली की गाडी ती आपली आपण जाळते, पण त्यासाठी तिला एका वेगाने, न थांबता, तापून पळावं लागतं. दिवा लागतो तो त्यासाठी. मध्येच इंजिन बंद केलं की जाळणं अर्धवट राहतं. बाटल्यांनी एक वेळ काही बिघडलं नसतं, पण त्या तेलाने काजळी दुप्पट केली.

“इंजिन बंद करायची सवय तर न्हाई ना?” त्याने विचारलं.

जालिंदर बाटल्या पुन्हा सीटमागे सारू लागला. वनिता म्हणाली, “उतार लागला की बंद. चहाला थांबलं की बंद. फाटकापाशी बंद. डिझेल वाचवतेत.”

“उतारावर बंद गाडीचा ब्रेक तरी लागंल का बे?” रामेश्वर म्हणाला, आणि मग वनिता समोर आहे हे आठवून त्याने जीभ चावली.

मग त्याने उपाय सांगितला. जाळी भरत आलीय. आत्ताच्या आत्ता गाडी चौपदरी रस्त्याला घाला आणि मांजरसुंब्याच्या पुढं अर्धा-पाऊण तास एका वेगाने पळवा. परळीकडच्या रस्त्याला गतिरोधक फार, तिथं जमणार नाही. थांबायचं नाही, चहा नाही, फोन नाही, दिवा जाईपर्यंत पाय काढायचा नाही. ह्या खेपेलाही जाळणं अर्धवट राहिलं तर गाडी स्वतःच जोर धरायची बंद होईल, मग शोरूमला टाकावी लागेल, आणि ते लोक किती दिवस ठेवतील ते देवालाही सांगता येणार नाही.

जालिंदरला दिवसांची भीती नव्हती, उद्याची होती. उद्या सकाळी म्हाळू धनगराच्या मेंढ्या माळावरून पाण्याच्या जागी हलवायच्या होत्या. मेंढ्या नुकत्याच व्यायलेल्या, कोकरं चालण्याजोगी नाहीत, आणि म्हाळू जालिंदरशिवाय कुणाच्या गाडीत कोकरू चढवत नसे. जालिंदरने येतो म्हटलं आणि आला नाही, असं आजवर झालं नव्हतं. एवढी एकच इस्टेट त्याने कमावली होती म्हणा ना.

“चल, बस,” तो वनिताला म्हणाला. “रिकामीच पळवायची हाय.”

रिकामी गाडी पळवायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. पण वनिताच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी उमटलं. ती सकाळी त्याच्यासोबत आली होती ती बीडला होस्टेलवर राहणाऱ्या लेकीला डबा द्यायला. मांजरसुंब्याच्या पुढं तिचं माहेर होतं, हमरस्त्यापासून जरा आत, लिंबारवाडी. तिकडं जायचं ती गेली दोन वर्षं म्हणत होती आणि जालिंदर म्हणत होता, त्या बाजूचं भाडं लागू दे, जाऊ. त्या बाजूचं भाडं काही लागत नव्हतं. तिच्या आईचे, पारूबाईंचे, डोळे जात चालले होते. एकाचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याला डॉक्टर हात लावायला तयार नव्हता. माणूस जवळ आलं तर आकार कळायचा, रंग कळायचा, बाकी आवाजावर ओळख. मागच्या महिन्यात फोनवर त्या लेकीला म्हणाल्या होत्या, “ये बाई, थोडं दिसतंय तवर येऊन जा.” वनिताने ते वाक्य जालिंदरला त्याच रात्री सांगितलं होतं. त्यानेही ते ऐकलं होतं, नाही असं नाही.

गाडी बायपासला लागली. वनिताने भीत भीत विचारलं, की मायकडं थांबायचं का. जालिंदर म्हणाला, येताना थांबू. जाताना थांबायचं नाही, मिस्त्रीने सांगितलंय ते तू ऐकलंस ना. येताना चहा पिऊन, मामींना भेटून जाऊ. सासूला तो मामीच म्हणायचा. वनिता बरं म्हणाली. येताना हा शब्द तिच्या ओळखीचा होता. त्याच्यावर तिने किती जत्रा आणि किती लग्नं सोडून दिली होती. तरी तिने भावजयीला, रूपालीला, फोन लावला आणि सांगितलं की आमी इकडं आलोत, पांढरी गाडी हाय, येताना जमलं तर येऊन जातो, मायला सांग. जमलं तर हे तिने मुद्दाम म्हटलं. उगीच म्हातारीला आशेला लावायला नको.

मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकांची ही गर्दी. वेग तुटला आणि जालिंदरने जे नाही ते तोंडातल्या तोंडात बोलून घेतलं. चौक ओलांडला आणि त्याने गाडी पुन्हा वेगाला लावली. दिवा तसाच. डावा गुडघा हलत होता. डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा छोटा फोटो होता, त्याच्या काचेत तो पिवळा ठिपका दिसत होता, त्यामुळे मान कुठेही वळवली तरी दिवा समोरच. त्याने काच खाली घेतली, वर केली. आरसा हलवला, परत होता तिथे आणला. रस्ता सपाट, उन्हाने पांढरा पडलेला. काही न वाहता नुसतं धावत राहायचं हे त्याच्या अंगाला सोसत नव्हतं. मागे हौद्यात साखळी खडखडत होती आणि तो रिकामा आवाज त्याला लाज आणत होता.

तेवढ्यात वनिताचा फोन वाजला. रूपाली होती. वनिता ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

“काय झालं?” जालिंदरने विचारलं.

“माय फाट्यावर येऊन थांबलीय. रूपाली न्हाई म्हनत हुती, ऐकलंच न्हाई म्हने. काठी घिऊन एकलीच निघाली.”

जालिंदरने दिव्याकडे पाहिलं. फाटा आता जवळच होता, पुढच्या उंचवट्यापलीकडे.

“इंजिन नका बंद करू,” वनिता म्हणाली. “नुसती बाजूला घ्या. म्या खाली उतरून तोंड दावते अन् येते.”

“वेग तुटला की जळायचं थांबतंय. इथवर आणलंय ना आता.”

“उन्हात हुबी हाय ती.”

“दिवा गेला की लगीच माघारी फिरतो. उगं दहा-पंधरा मिन्टं. म्हाळूच्या मेंढ्याचं बघ ना जरा.”

वनिताने मेंढ्यांचं बघितलं. म्हाळूची बायको साखराबाई, तिची कोकरं, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं, कारण ती वाईट मनाची नव्हती. पण तिने हात खिडकीच्या बाहेर काढून ठेवला.

फाटा आला. निवाऱ्याची शेड होती, पण पारूबाई सावलीत बसल्या नव्हत्या. रस्त्याच्या अगदी कडेला उभ्या होत्या, निळं लुगडं, एका हातात काठी, काखेत कसलंतरी गाठोडं. जालिंदरने पाय उचलला नाही. त्याने हॉर्नवर तळवा ठेवला आणि लांबलचक दाबला. वनिता ओरडली ते त्या हॉर्नमध्येच बुडालं. पारूबाईंनी काठी काखेत मारली, हात वर केला आणि हलवला. मग त्या मागे पडल्या, आरशात आल्या, आरशातूनही गेल्या.

“बगितलं का, वळखलं त्यांनी,” जालिंदर म्हणाला. “हात केला की.”

हात आत घेऊन वनिताने तो मांडीवर ठेवला होता.

त्यानंतरचा रस्ता जालिंदरला फार लांब गेला. दिवा तसाच होता, पण त्याचा डावा गुडघा आता हलत नव्हता. आपण काही वावगं केलं नाही, असं तो स्वतःला समजावत होता. मिस्त्रीने सांगितलं ते केलं. दिलेला शब्द पाळायचा म्हणून केलं. माघारी फिरणारच आहोत. तरी आरशात आलेलं निळं लुगडं त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. जुनी गाडी असती तर, त्याच्या मनात आलं, आणि पुढचं त्याने मनातही पुरं केलं नाही. जुनी गाडी होती तेव्हा तरी तो कुठे थांबला होता.

एका पुलावर दिवा गेला. न सांगता लागला होता तसाच न सांगता गेला. जालिंदरला वाटलं होतं की मोठा आनंद होईल.

“गेला बघ,” तो म्हणाला.

“बरं झालं,” वनिता म्हणाली.

पुढच्या वळणावरून त्याने गाडी फिरवली. येताना गाडीने अशी ओढ धरली की विचारू नका, नवी आणली त्या दिवसासारखी. ते सुख घ्यायला दोघांनाही सवड नव्हती. फाटा आता दुभाजकाच्या पलीकडे होता. जालिंदरने वेग कमी केला आणि दोघांनीही एकदमच पाहिलं.

पारूबाई तिथेच होत्या. त्यांच्या बाजूने एक पांढरी पिकअप टोमॅटोचे कॅरेट घेऊन येत होती. पारूबाईंनी काठी काखेत मारली, हात वर केला आणि हलवला. पिकअप निघून गेली. त्यांनी हात खाली घेतला, पदराने डोळे पुसले, पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. थोड्या वेळाने एक पांढरी व्हॅन आली, कुठल्यातरी शाळेची. पारूबाईंचा हात पुन्हा वर गेला, अगदी तसाच.

जालिंदरने गाडी बाजूला घेतली. त्याचा हात चावीकडे गेला, पण त्याने ती फिरवली नाही. वनिता दार उघडून उतरलीही होती. गाड्यांचा अंदाज घेत दुभाजकाच्या फटीतून ती पलीकडे गेली, तिच्या मागोमाग तो.

“माय,” वनिताने हाक मारली.

पारूबाईंनी आवाजाकडे तोंड वळवलं. आधी हसू आलं, मग हात पुढे आले आणि वनिताचा चेहरा चाचपू लागले, कपाळ, गाल, हनुवटी. डोळे अगदी जवळ आणून त्या बघत राहिल्या. जेवढं दिसत होतं तेवढं सगळं त्यांनी बघून घेतलं.

“आलीस का वने. कवाधरनं बघायलेय. लई पांढऱ्या गाड्या झाल्या गं आता.” मग जालिंदरची चाहूल लागून त्यांनी पदर सारखा केला. “जावई पन आलेत का. या. मगाशी एक गाडी गेली, लांबलचक हॉर्न वाजवीत. म्या हात बी केला. आधी वाटलं, हीच. पर थांबली न्हाई, तवा म्या म्हनलं, ही न्हाई आपली. माझी वनी असती तर थांबली असती.”

वनिताने जालिंदरकडे पाहिलं नाही. तिने आईच्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून दिला.

“व्हय माय,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुनाची असंल ती.”

जालिंदरने मामींच्या काखेतलं गाठोडं हळूच काढून घेतलं. आत भाजलेल्या शेंगा होत्या, उन्हाने अजून गरम. ते छातीशी धरून तो त्या दोघींच्या मागे गावाच्या रस्त्याने चालू लागला, आणि हमरस्त्याच्या पलीकडे त्याची गाडी इंजिन चालू ठेवून तशीच उभी राहिली.