औषध बसेपर्यंत फोनला हात लावायचा नाही

पप्पांचे गुडघे ओट्याखाली वाकायला नकार देऊ लागले, तेव्हा त्यांनी धंदा आम्हा दोघांपैकी एकाकडे सोपवायचं ठरवलं. धंदा झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारायचा. आणि आमच्याकडे धंदा सोपवणं म्हणजे फोन सोपवणं. गाडीवर, पाटीवर, गिऱ्हाइकांच्या फ्रिजवरच्या स्टिकरवर तो एकच नंबर आहे. तो ज्याच्या हातात, तो मालक.

मला तो हवा होता. कॉलेज संपल्यापासून पाठीवर पंप घेऊन लोकांच्या सिंकखाली मी शिरत होते. दादा ऑफिसात बसून वेळा ठरवायचा आणि साधी शिंक आली तरी औषधाची ॲलर्जी आहे म्हणून घरी जायचा. तरी पप्पांनी निकाल कशावर लावायचा ठरवला? तर जुना फोन मरायला टेकलाय, नवा घ्यायचाय, दादाकडे आयफोन आहे, माझ्याकडे अँड्रॉइड. ज्याच्या फोनला कीड लागत नाही, तसला फोन घ्यायचा आणि त्याच्याच हातात द्यायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण पप्पांपुढे आमच्या घरात कोणाचं काही चालत नाही.

रविवारी नाश्ता आटोपल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर दोन्ही फोन ठेवले, चष्मा लावला आणि चक्क टॉर्च पेटवला.

"कीड शिरते कुठून, तेवढं सांगा."

"आमच्याकडे शिरतच नाही," दादा म्हणाला. "ॲप घ्यायला एकच दुकान. तिथे तपासल्याशिवाय काही आत घेत नाहीत. आणि एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही."

"आमच्याही दुकानात तपासतात," मी म्हणाले. "फक्त आम्हाला दुकानाबाहेरून आणायचीही सोय आहे. ती आपण होऊन वापरायची नाही, झालं."

"म्हणजे मागचं दार आहे," दादा पप्पांकडे बघत म्हणाला.

"आहे, पण बंद असतं!"

"झुरळाला दार लागत नाही गं," पप्पा म्हणाले. "फट पुरते."

मग त्यांनी माझा फोन हातात घेऊन एकेक ॲप उघडायला लावलं. टॉर्चचं ॲप निघालं. त्याला माझे सगळे नंबर बघायची परवानगी होती. ती मीच कधीतरी घाईत दिली असणार. "दिवा लावायला तुझी गिऱ्हाइकं कशाला लागतात?" पप्पांनी विचारलं. दादा असा हसला की मला त्याच्या अंगावर पंप सोडावासा वाटला.

पण त्याच्या फोनची पाळी आली आणि कॅलेंडर उघडलं, तर रोज सकाळी नऊला एकच कार्यक्रम: 'तुमच्या फोनला व्हायरस लागला आहे, इथे दाबा.' कुठल्यातरी साइटवर त्याने नको तिथे 'होय' दाबलं होतं. शिवाय वर्षभर अपडेट नाही, कारण जागा नाही, आणि जागा नाही कारण सगळे याचे स्वतःचे फोटो.

"हा व्हायरस नाहीये," दादा म्हणाला. "ही नुसती जाहिरात आहे."

"वाळवीलाही लोक आधी धूळच म्हणतात," मी म्हणाले, आणि आमची जी जुंपली ती जुंपली. बालपणापासूनची सगळी उणीदुणी निघाली. आईने आतून दोनदा दटावलं, तेही आम्ही ऐकलं नाही. त्या गदारोळात पप्पा कधी उठून गेले ते कळलंच नाही.

ते परत आले ते हात पुसत. "झालं. जुन्या फोनमध्ये सतरा निघाले."

"सतरा काय?"

"व्हायरस. लाल पाटी आली, मोफत तपासणी म्हणून. आपल्यासारखीच चांगली माणसं दिसली." पप्पांनी आयुष्यभर मोफत तपासणी केलीय, आणि ती खरोखर मोफत. "ॲप उतरवून घ्या म्हणाले, घेतलं. नंबर बघू का, बघा. मेसेज बघू का, बघा. कपाटं उघडून दिल्याशिवाय फवारणार कसे बिचारे?"

मी ताडकन उठले. "फोन कुठाय?"

"आतल्या खोलीत. खिडकी लावलीय, दार ओढून घेतलंय. तीन तास कोणी हात लावायचा नाही. औषध बसू दे." आणि ते दारासमोर उभे राहिले, गिऱ्हाइकांच्या घरी राहतात तसेच.

एवढ्यात आईचा फोन वाजला. बेकरीवाला होता. "वहिनी, तुमच्या धंद्याच्या नंबरवरून मेसेज आलाय, माझ्या फोनमध्ये व्हायरस आहेत म्हणून. आता फोनचीही कामं घेता का?"

पाठोपाठ दादाच्या फोनवर तोच मेसेज आला. "दाबू नकोस!" मी ओरडले. "आयफोन आहे," तो म्हणाला, त्याने दाबलं, पासवर्ड विचारला तो टाकला, आणि मग त्याचा चेहरा जो उतरला तो दुपारपर्यंत चढला नाही.

पप्पांना मी आयुष्यात पहिल्यांदा हाताने बाजूला सारलं. आत शिरून फोनचं सिम काढलं, वायफाय बंद केलं, ते ॲप काढून टाकलं. मग मी माझा फोन घेऊन टेबलाशी बसले आणि एकेका गिऱ्हाइकाला लावत गेले.

"फोन हॅक झाला म्हण," दादा पासवर्ड बदलता बदलता म्हणाला. "लोक आपल्यालाच बिचारे म्हणतील."

मी शाळेच्या मुख्याध्यापिकांना लावला होता. त्यांच्या वसतिगृहाचं काम आमच्याकडे होतं. "बाई, चूक आमची आहे," मी म्हणाले. "परवानग्या आम्हीच दिल्या. लिंक दाबू नका. दाबली असेल तर पासवर्ड लगेच बदला." त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं.

फोन ठेवला तर पप्पा शेजारच्या खुर्चीत येऊन बसले होते. "'आम्ही' म्हणू नकोस," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी केलं, असं सांग."

मी पुढच्या प्रत्येकाला 'आम्ही'च म्हणाले. एकाने काम काढून घेतलं. दोघांनी उलट ढेकणांचं नवं काम दिलं. पप्पा जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवा फोन आणायला निघताना मी विचारलं, "कुठला आणू?"

"तुझ्या हाताला बसेल तो," पप्पा म्हणाले. "फक्त मला देऊ नकोस."

जुना नंबर घालून मी तो टेबलावर ठेवते न ठेवते तोच वाजला. पप्पांचा हात सवयीने पुढे गेला. अर्ध्यात थांबला. मग त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला. मी फोन उचलला.

"साहेब आहेत का?" पलीकडून आवाज आला.

मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी हातानेच नाही म्हणून खूण केली.

"आता मी बघते," मी म्हणाले. हेच म्हणायला मी इतकी वर्षं टपून बसले होते, आणि म्हणताना रडू आवरेना. "बोला, कुठे निघालीत झुरळं?"