पाणथळीवरचे अष्टदल

ज्याच्या शब्दाला चार माणसे मान देतात, त्याने सहज बोलतानाही उपमा तोलून द्यावी, असे मी चाळीस वर्षे संस्कृतच्या वर्गात सांगत आलो. २००६च्या जानेवारीत, अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे आलो असता, मीच ते पाळले नाही.

घरामागची पाणथळ गोठली होती आणि तिच्यावरच्या हिमात एक मोठी काळसर तारका उमटली होती. माझी बारा वर्षांची नात अनिका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रोज काठावरून तिचे फोटो घेऊन वहीत नोंदी करी. शेवटची नोंद शनिवारी सकाळी घ्यायची होती. शुक्रवारी जेवताना मी म्हणालो, "अगदी अष्टदल कमळ दिसते." शेजारच्या सुलेखाताई पंक्तीला होत्या. तासाभरात ते वाक्य मराठी मंडळाच्या ईमेलवर गेले.

शनिवारी काठावर तेरा माणसे, एक समई आणि दोन गॅलन दूध!

"काका, अभिषेकाचे मंत्र तुम्हीच म्हणा. सोवळं राहू दे, जॅकेट घाला."

"सुलेखाताई, ते कमळ नव्हे."

"तुम्हीच म्हणालात ना, यार! सॉरी, काका."

"दिसते म्हणालो."

"देवाच्या कामात एवढा कीस कशाला?"

अनिका रडकुंडीला आली. "आजोबा, टेल देम! मधे होल आहे. खालचं पाणी त्यातून वर येऊन स्नोमध्ये पसरतं. दूध ओतलं की माझा प्रोजेक्ट गेला. आणि तिथे आइस थिन आहे!"

मी तेच मराठीत दोनदा समजावले. सर्वांनी आदराने माना डोलावल्या आणि सुलेखाताईंनी दुधाचे झाकण उघडले. माझा संयम संपला.

"थांबा! पाकळ्या मोजा."

"आठ," त्या न मोजताच म्हणाल्या.

"सेव्हन," अनिका म्हणाली.

मी मोजल्या. सातच होत्या.

"मी न मोजता बोललो," मी सर्वांना म्हणालो. "चूक माझी आहे. ती या मुलीच्या कष्टांवर ओतू नका. मी मंत्र म्हणणार नाही."

मग सुलेखाताईंनी झाकण लावले. "आता एवढ्या दुधाचं काय करू?"

"बासुंदी आटवा. साखर बेताची."

अनिका हातमोजा काढून नोंद लिहू लागली. तिची दृष्टी अशीच निर्मळ राहो. आणि एवढ्या गारठ्यात श्रद्धेने दूध घेऊन आलेल्या त्या भाबड्या माणसांचेही कल्याण होवो.