मधला बॉल

"पप्पा, तुमचा!" राधिका ओरडली आणि दोन पावलं मागे सरली. बॉल दोघांच्या मधून सुर्रकन निघून गेला. एकनाथ बॅट उगारून उभेच.

"अगं, तुझ्या हाताशी होता. घ्यायचा ना!"

"तुम्ही समोर असताना मी कशी पुढे येऊ?"

पलीकडच्या जोडीला हसू आवरेना. कोच उमंगने कपाळावर हात मारला. "मॅडम, कोर्टवर सून-सासरा काही नसतं. पार्टनर असतो. बॉल मधे आला की ज्याला सोपा जातो त्याने 'माझा' म्हणायचं आणि हाणायचा!"

सुरुवातीपासून हेच चाललं होतं. वसईतल्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये पिकलबॉल सुरू झालं, तेव्हा सांडोर गावातली मंडळी म्हणाली, भोकं पडलेला प्लॅस्टिकचा बॉल आणि फळकुटासारखी बॅट, हे कसलं नवीन फॅड! केळीच्या वाडीत जन्म घालवलेले एकनाथ तिथे जातील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. राधिकाच त्यांना घेऊन गेली. "गुडघे धरून बसता त्यापेक्षा चला," म्हणाली. सून सासऱ्याला स्कूटरवर मागे बसवून खेळायला नेते म्हटल्यावर गावाला चघळायला विषयच मिळाला. चघळू देत मेले! तिचा नवरा केयूर बंगळूरला दुसरीबरोबर राहत होता, त्याबद्दल बोलताना मात्र याच तोंडांना कुलूप.

दिवाळीत केयूर आला तो घटस्फोटाचं बोलायलाच. ओटीवर बसून सगळं सरळ सांगून टाकलं. त्याची आई मंदाताई सुनेवरच उसळल्या. "तू इथे नोकरीला चिकटून राहिलीस. तो एकटा तिकडे काय करील?"

राधिकाने सासऱ्याकडे पाहिलं. एकनाथ उठले. "केळीला पाणी सोडायचंय," म्हणाले आणि वाडीत निघून गेले. पाणी सकाळीच सोडून झालं होतं. अंधार पडेपर्यंत ते नुसतेच केळीत उभे राहिले. पाण्याच्या त्या सबबीची त्यांना अजून लाज वाटे. पण लाज वाटून काय उपयोग, बोलायचं ते राहूनच गेलं होतं.

आणि आज राधिका निघाली होती. नाशिकला माहेर, तिथल्याच शाळेत नोकरी मिळाली होती. मंदाताई निरोपाला बाहेरसुद्धा आल्या नाहीत. राधिका बॅग घेऊनच हॉलवर आली. एक शेवटचा डाव खेळून परस्पर स्टेशनला जायचं ठरलं होतं.

डाव अटीतटीचा झाला. शेवटच्या पॉइंटला बॉल पुन्हा मधोमध आला. एकनाथ सवयीने सरसावले, तोच "माझा!" म्हणत राधिका त्यांच्या पुढ्यात आली आणि तिने बॉल असा हाणला की पलीकडचे दोघं बघतच राहिले.

"आता कुठे जमलं मॅडमना!" उमंग म्हणाला. एकनाथांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर रिक्षाची वाट पाहताना ते एकदम म्हणाले, "राधिका, केयूरचं चुकलं. मी हे त्या दिवशी त्याच्या तोंडावर बोलायला हवं होतं."

"हो पप्पा. बोलायला हवं होतं." तिने बॅग खाली ठेवली. "तुम्ही तेवढं बोलला असतात ना, तर मी गेले नसते. नवरा गेला तो गेला. मला ते घर हवं होतं."

 ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं, असं एकनाथांना वाटलं.

रिक्षा आली. त्यांनी बॅग उचलून आत ठेवली. राधिका बसली, तसे ते पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, "स्टेशनला ने. सावकाश ने रे बाबा, लेक आहे माझी."

राधिकाने नॅपकिनमध्ये तोंड लपवलं. रिक्षावाल्याला त्याचं काय! त्याने मान हलवली आणि रिक्षा काढली.