भिंतीपलीकडचा ठेका

हाक मारली की ओ द्यावी, एवढं साधं वळण सुनेला नव्हतं. दिवसभर कानांवर दोन काळ्या वाट्या चढवून बसायची. घर पेटलं तरी हिला पत्ता लागला नसता. सासूबाईंनी हाका मारमारून पाहिलं आणि शेवटी स्वतःच खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

खोली त्यांच्या नवऱ्याची. याच खोलीत त्याने तरुणपणी ठेक्याची यंत्रं एका माईकसमोर वाजवून टेक्नो नावाचा तो धांगडधिंगा टेप केला होता. एकच रेकॉर्ड निघाली, कुठकुठल्या नाचघरांत वाजली, आणि मग तो मुकाट टेलिफोन दुरुस्तीला लागला. आता तो नव्हता, आणि आता म्हणे लोकांना तीच रेकॉर्ड पुन्हा हवी होती. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला रिमिक्स. मूळ टेप केव्हाच कुजली होती. सुनेचा धंदाच जुने आवाज साफ करण्याचा. घरातल्या झिजलेल्या तबकडीवरून ती तांदळातले खडे वेचावेत तशी खरखर वेचत होती.

"बरं झालं आलात, आई. हे ऐका जरा."

"मला काय कळतंय त्यातलं? कुणीतरी कांडतंय नुसतं."

"मध्येच एक लाकडाचा आवाज येतो. रेकॉर्ड कंपनी म्हणते, दोष आहे, काढा. आज पाठवायचंय मला."

सासूबाईंनी वाट्या कानांवर धरल्या. ढब. मग लागोपाठ ढब-ढब. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"बस इथेच," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या, लाटणं उचललं आणि मधल्या भिंतीवर हाणलं. एक. मग लागोपाठ दोन. परत आल्या तेव्हा सुनेने आ वासला होता.

"तुम्ही?"

"मग कोण, शेजारीण? तुझा नवरा तान्हा होता, झोपायचा नाही. हाका मारून घसा बसायचा माझा. भिंत ठोकली तरी ह्यांचं चालूच."

सुनेने रेकॉर्डिंग मागे नेलं, पुन्हा ऐकलं. "आई, पहिली थाप ठेक्याबाहेर पडलीय. पण पुढे बघा, तेवढाच टेपचा तुकडा बाबांनी कापून परत परत जोडलाय. आणि सगळा ठेका तिच्यावर बसवलाय. लोक नाचायचे ते हिच्यावर."

"आणि त्या रिमिक्समध्ये?"

"त्यात काढलीय."

"मग उरलं काय त्यात?"

सून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. "परत लाव," एवढंच म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. सबंध बाजू ऐकली. लाटणं मांडीवरच राहिलं होतं. थाप आली की त्यावरचं बोट हलायचं.

मग वाट्या उतरवून त्यांनी सुनेच्या हातात दिल्या.

"जन्मभर वाटलं, हा माणूस भिंतीइतकाच बहिरा. राहू दे ती थाप. आणि तू हाकेला ओ देत जा; भिंत ठोकायचं बळ आता माझ्यात नाही."